थेरपी डॉगचा खाऊ: काय द्यायचा, किती द्यायचा आणि कुणाच्या हातून

प्रश्न: आमची जाई साडेपाच वर्षांची लॅब्राडोर आहे, नसबंदी झालेली. आठवड्यातून दोन सकाळी विशेष मुलांच्या शाळेत आणि एक दुपार वृद्धाश्रमात थेरपी डॉग म्हणून जाते. वर्षभरात तिचं वजन २९ किलोवरून ३४ वर गेलं. शाळेत प्रत्येक मूल तिला एक ग्लुकोज बिस्किट भरवतं, वर्गात अठरा मुलं आहेत. डॉक्टर म्हणतात, खाऊ बंद करा. पण भरवणं हाच मुलांचा सगळ्यात आवडता भाग आहे. कमी कॅलरीचा आणि तब्येतीला चांगला असा कोणता खाऊ देता येईल? आम्ही घरी शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

उत्तर:

खाऊ बंद करू नका, बिस्किटं मात्र आजच बंद करा.

आधी हिशेब बघू. १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण ४५० कॅलरी असतात. एक बिस्किट पाचेक ग्रॅमचं, म्हणजे २०-२२ कॅलरी. अठरा मुलांची अठरा बिस्किटं म्हणजे जवळजवळ ४०० कॅलरी. आता जाईला दिवसाला किती लागतात ते काढा. तिचं योग्य वजन २९ किलो धरू. फोनच्या कॅल्क्युलेटरवर २९ गुणिले २९ गुणिले २९ करा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. उत्तर ८७५ च्या आसपास येईल. आरामात पडून राहिलेल्या २९ किलोच्या कुत्र्याला एवढ्या कॅलरी लागतात आणि वजन उतरवायचं असेल तेव्हा दिवसभराचा आहार साधारण इथूनच सुरू करतात. म्हणजे शाळेच्या एका सकाळीच जाईच्या दिवसभराच्या जवळजवळ निम्म्या कॅलरी बिस्किटांत संपतात, आणि वर घरचं पूर्ण जेवण असतंच.

खाऊसाठी सर्वसाधारण मर्यादा दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांची. जाईच्या बाबतीत ८७ कॅलरी. ही मर्यादा दिवसाची आहे, एका भेटीची नाही. पोळीचा तुकडा, आजोबांनी टेबलाखालून दिलेली मारी, गोळी ज्यात गुंडाळून देता तो पनीरचा तुकडा, सगळं याच ८७ मध्ये. खाऊ संतुलित आहार नसतो, म्हणून ही मर्यादा. तो वाढला की एकतर वजन वाढतं, नाहीतर तेवढं जेवण कापावं लागतं आणि प्रथिनं, खनिजं कमी पडतात.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात कुणीतरी नक्की म्हणत असेल की तिला भूकच फार आहे. ते खरंही असू शकतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की काही लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये हा बदल आढळला. अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्राडोरांमध्ये मात्र तो तब्बल तीन चतुर्थांश कुत्र्यांत होता. खाण्यासाठी मन लावून शिकणारी कुत्री अशा कामासाठी आपोआप निवडली जात असावीत. २०२४ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट मांडली: हा बदल असलेली कुत्री दोन जेवणांच्या मधे जास्त भुकेली राहतात आणि विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. जाईमध्ये हा बदल आहे की नाही ते तपासल्याशिवाय कळणार नाही, पण ज्या गुणामुळे ती थेरपीच्या कामात इतकी रमते, त्याच गुणामुळे ती जाडही होऊ शकते. तिच्या डोळ्यांकडे बघून खाऊ ठरवू नका. वजनकाट्याकडे बघा.

पाच किलो जास्त म्हणजे फार नाही, असंही वाटू द्यायचं नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांचा पिल्लूपणापासून चौदा वर्षं अभ्यास झाला. त्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली. थेरपी डॉगला गुळगुळीत फरशीवर उभं राहायचं असतं, जिने चढायचे असतात, खाटेशेजारी ताटकळायचं असतं. सांधे दुखणारं कुत्रं गर्दीत कुणाचा धक्का लागला तर दचकतं, आणि अशा कामात ते परवडत नाही.

आता मुख्य मुद्दा. घरच्या कुत्र्याचा खाऊ आणि थेरपी डॉगचा खाऊ यांत मोठा फरक आहे. घरी खाऊ तुमच्या हातातून तिच्या तोंडात जातो. शाळेत आणि वृद्धाश्रमात तो आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो. म्हणून कॅलरींच्या बरोबरीने तीन गोष्टी बघाव्या लागतात: तो हात खाऊ कसा धरतो, तो खाऊ त्याच माणसाच्या तोंडात गेला तर काय होईल, आणि त्या माणसाला तो हातात घ्यायला चालेल का.

धरण्यापासून सुरू करू. कमी कॅलरी हव्यात म्हणून सगळे सांगतात, तुकडा छोटा करा. घरच्या शिकवणीत ते बरोबरच आहे. कुत्र्याला बक्षीस मिळालं याचं अप्रूप असतं, तुकड्याच्या वजनाचं नाही, आणि वाटाण्याएवढ्या तुकड्यावर ती तेवढंच मन लावून काम करते. पण ज्या मुलाची बोटं आखडलेली आहेत, किंवा ज्या आजोबांचा हात कंपवाताने थरथरतो, त्यांना वाटाण्याएवढा तुकडा धरताच येत नाही. तो पडतो, कुत्रं खाली वाकतं आणि माणूस खट्टू होतो. धरता आलाच, तर दात बोटांना लागण्याची भीती. अशा ठिकाणी मी बोटाएवढी लांब काडी करायला सांगते. काकडीची किंवा गाजराची काडी, एक टोक मुलाच्या हातात, दुसरं कुत्र्याच्या तोंडात. मधे तीन इंच अंतर राहतं, मूल घाबरत नाही आणि तुम्हाला वेळेवर हात घालता येतो. आठ ग्रॅमची गाजराची काडी तीन-सव्वातीन कॅलरींची असते. अठरा काड्या म्हणजे साठच्या आत. काकडीची काडी तर एका कॅलरीच्या जरा वर, अठराही पंचवीसच्या आत बसतात. अठरा बिस्किटांच्या ४०० शी तुलना करा. प्रत्येक मुलाला जाईला भरवता येतं आणि ८७ ची मर्यादाही पाळली जाते.

गाजर चकत्या करून देऊ नका. गोल, कडक चकती लॅब्राडोर न चावता गिळते आणि ती घशात अडकू शकते. उभी काडी करा, वाफेवर दोन-तीन मिनिटं ठेवा, बोटाने दाबली तर मोडेल इतपत मऊ. मुलाने ती स्वतःच्या तोंडात घातली (आणि विशेष मुलांच्या शाळेत हे होतंच), तरी धोका कमी. पहिल्या दिवशीच अठरा काड्या गाजर नको, शी पातळ होईल. निम्मी काकडी, निम्मं गाजर असं सुरू करा. काकडी जवळजवळ सगळी पाणीच असते, तेव्हा भेटीच्या आधी आणि नंतर तिला शू करायला बाहेर नेऊन आणा.

उलट, कधी कधी छोटा तुकडाच हवा असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मुलाच्या अंगठ्याची आणि तर्जनीची चिमटीतली पकड तयार करायची असेल, तर ज्वारीच्या लाह्यांसारखं दुसरं काही नाही. मूल ताटलीतली एकेक लाही चिमटीत उचलून वाटीत टाकतं, आणि दहा झाल्या की वाटी जाईपुढे ठेवतं. एका सत्रात मी बघितलं आहे, व्यायाम म्हणून मणी उचलायला अजिबात तयार नसलेला मुलगा कुत्रं समोर बसलं आहे म्हणून लाह्या उचलत राहिला, आणि त्याची थेरपिस्ट शांतपणे फक्त त्याची बोटं बघत होती. लाह्या वजनाला इतक्या हलक्या असतात की मूठभर, म्हणजे पाचेक ग्रॅम लाह्यांत शंभराहून जास्त दाणे आणि जेमतेम वीस कॅलरी. नागपंचमीच्या सुमारास मिळतात तशा साध्या, बिनमिठाच्या घ्या. कुरमुरे घेत असाल तर चाखून बघा, बाजारातले बहुतेक खारे असतात.

कंपवात असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी लांब दांड्याचा लाकडी चमचा ठेवा. त्याच्या टोकाला उकडून कुस्करलेला लाल भोपळा लावा, मीठ-साखर-तूप काही नाही. १०० ग्रॅम भोपळ्यात २५-३० कॅलरी असतात, चमच्यावर लागलेल्यात एक-दीड. जाई तो बराच वेळ चाटत राहील. चाटत असताना तिचं डोकं एका जागी स्थिर असतं आणि आजींना दुसऱ्या हाताने तिच्या कानामागे खाजवता येतं. कपभर बिस्किटांनी हे होत नाही, कारण बिस्किट एका घासात संपतं.

दुसरा मुद्दा, खाऊ माणसाच्या तोंडात जाण्याचा. यासाठी नियम सोपा आहे: जे त्या खोलीतल्या सगळ्यांत नाजूक माणसाला चालणार नाही, ते पिशवीत नको. शेंगदाण्याचं लोणी म्हणूनच मी शाळेत नेऊ देत नाही. १०० ग्रॅमला ६०० च्या आसपास कॅलरी हे एक कारण, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल वर्गात असणं हे त्याहून मोठं.

तिसरा मुद्दा आपल्याकडे फार लागू पडतो, पण परदेशी पुस्तकांतून शिकलेले हँडलर, म्हणजे कुत्र्याला भेटीला घेऊन जाणारे, तो विसरतात. वृद्धाश्रमातल्या आजी श्रावणात, चातुर्मासात, एकादशीला चिकनचा तुकडा हातात धरणार नाहीत. एरवीही अनेक जण धरत नाहीत. तयार पाकिटांतल्या खाऊत डुकराचं किंवा गाईचं मांस असू शकतं आणि ते भरवणाऱ्याला सांगितलेलं नसतं. भरवणाऱ्याला न सांगता त्याच्या हातात असं काही देणं मला अजिबात पटत नाही. काकडी, गाजर, लाह्या, सफरचंदाच्या बिया काढलेल्या फोडी कुणाच्याही हातात देता येतात. तुम्ही शाकाहारी आहात ही इथे अडचण नाहीच, उलट सोय आहे.

जाईचं कोरडं डॉग फूड मात्र माझ्या यादीत भाज्यांच्याही आधी येतं. भेटीच्या दिवशी सकाळी तिचं पूर्ण दिवसाचं मोजून घ्या, त्यातला पाचवा हिस्सा डब्यात काढा आणि तोच शाळेत न्या. ते संतुलित अन्न आहे, त्यामुळे ते १० टक्क्यांच्या मर्यादेत धरायची गरज नाही, फक्त तेवढं जेवणातून वजा झालेलं असलं पाहिजे. घरी ज्या दाण्यांकडे ती ढुंकून बघत नाही, तेच दाणे मुलाच्या तळहातावरून चवीने खाते. डब्यात रात्रभर दोन-तीन पनीरचे तुकडे टाकून ठेवले तर दाण्यांना वास लागतो. डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी पनीर काढून टाका.

वासाचा, खराखुरा आवडीचा खाऊही थोडा जवळ हवा. तुमच्याकडे अंडं चालतं, तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग उत्तम. एका अंड्याच्या पांढऱ्यात सतरा कॅलरी, आणि त्याचे तीसेक तुकडे सहज होतात. पनीर चालेल, पण हरभऱ्याएवढेच तुकडे. १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास कॅलरी असतात. हा खाऊ मुलांच्या हातात द्यायचा नाही, तो तुमच्या खिशात राहू द्या. त्याचं काम वेगळं आहे. लॅब्राडोरने आवडीचा घास नाकारला, तर ती दमली आहे किंवा तिला ताण आला आहे, असं समजून भेट तिथेच थांबवा. एरवी अलगद घेणारी जाई एकदम हिसकावून घ्यायला लागली, तरी तेच. काकडी नाकारली तर तिला काकडीचा कंटाळा आला असेल; अंडं नाकारलं तर तिला घरी जायचं आहे.

फरसबी उकडून, दुधी वाफवून, बिया काढलेलं कलिंगड हेही छान. कोबी, फ्लॉवर आणि कडधान्यं भेटीच्या आदल्या दिवसापासून नकोत, बंद खोलीत गॅस सुटला की सगळ्यांची पंचाईत होते. बीटाने शी-शू लाल होते आणि रक्त आहे असं वाटून घरचे घाबरतात.

काय कटाक्षाने टाळायचं, यात वृद्धाश्रमाचा धोका शाळेपेक्षा मोठा आहे, कारण तिथे प्रेमाने दिलेला खाऊ उशीखालून निघतो. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यात आणि लाडवात बेदाणे असतात. मधुमेह असलेल्यांच्या शुगर-फ्री गोळ्यांत, च्युइंगममध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, असू शकतं. ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर तासाभराच्या आतही रक्तातली साखर कोसळू शकते, पुढे यकृतावर परिणाम होतो. चिवड्यातला तळलेला कांदा, लसूण, चॉकलेट, हेही विष. यांपैकी काही खाल्लं तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा. भेटीच्या सुरुवातीला सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगायचं: जाई फक्त या डब्यातलंच खाते. हे वाईटपणा न घेता सांगता येतं आणि सांगायलाच हवं.

कच्चं मांस, कच्ची हाडं, वाळवलेले डुकराचे कान, चामड्याच्या काड्या थेरपी डॉगला घरीसुद्धा नकोत. कच्चं मांस खाणारं कुत्रं स्वतः ठणठणीत असताना शीतून साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जंतू बाहेर टाकत राहू शकतं, आणि आपण त्याला घेऊन ज्यांच्याकडे जातो त्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या संस्थेने याच कारणासाठी २०१० पासून कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांना आपल्या कामातून बाहेर ठेवलं. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांच्या खाऊतून माणसांना साल्मोनेलाची लागण झाली होती.

पाकिटावर ‘लाइट’ लिहिलेलं बघून खाऊ घेऊ नका. आपल्याकडे बऱ्याच पाकिटांवर कॅलरी लिहिलेल्याच नसतात, पण त्या काढता येतात. प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजांचा अंश) यांचे टक्के पाकिटावर असतात. ते सगळे १०० मधून वजा केले की कर्बोदकं मिळतात. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी साडेतीनने गुणा, फॅट साडेआठने गुणा, बेरीज करा. समजा प्रथिनं १२, फॅट ६, फायबर ३, ओलावा १०, राख ७. मग कर्बोदकं ६२. ४२ अधिक ५१ अधिक २१७, म्हणजे १०० ग्रॅमला ३१०. राख लिहिलेली नसेल तर ७ धरा. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा तुकडे तोलून एका तुकड्याचं उत्तर काढा. दात साफ करणाऱ्या मोठ्या काडीचा हिशेब असा केलात, तर एकाच काडीत जाईचा सगळ्या दिवसाचा खाऊ संपल्याचं दिसेल.

जेवणाबद्दल एक सावधगिरी. सध्याचं डॉग फूड नुसतं फार कमी करू नका. तुमच्या डॉक्टरांकडून वजन उतरवण्यासाठीचं फूड लिहून घ्या आणि थायरॉइड तपासायचं का, तेही विचारा. आठवड्याला एक ते दोन टक्के, म्हणजे जाईच्या बाबतीत साडेतीनशे ते साडेसहाशे ग्रॅम, एवढं उतरलं की पुरे. पाच किलोला तीन-चार महिने लागू शकतात. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा आणि दर आठवड्याला फासळ्यांवरून हात फिरवा. न दाबता त्या हाताला लागायला हव्यात. महिनाभरात वजन हललं नाही, तर खाऊत आणखी बदल करत न बसता डॉक्टरांकडे जाऊन आकडे पुन्हा मांडा.

मुलांच्या आनंदाची काळजी तुम्हाला आहे, म्हणून शाळेच्या बाईंशी बिस्किटं बंद करण्याआधी बोला. मुलांना भरवण्याइतकंच आवडतं जबाबदारी मिळणं. एकाने दाणे मोजून वाटीत घालायचे, एकाने काड्या ताटलीत मांडायच्या, एकाने जाईला ‘बस’ सांगायचं, एकाने पाणी ओतायचं. आधी सगळ्यांनी हात धुवायचे, नंतरही धुवायचे; सॅनिटायझर लावलं असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय तिला हात चाटू द्यायचा नाही. बाईंना कागदावर एवढंच लिहून द्या: जाईसाठी सोमवारी काकडी, गुरुवारी गाजर, बोटाएवढ्या काड्या, प्रत्येकी एक, आणि घरून आणलेलं बिस्किट ज्याचं त्याने स्वतः खायचं.